परसातील खरा अशोक : ओळख, रोपे व जोपासना

घराभोवती झाडे लावण्याची हौस आपल्या खेड्यांत नवी नाही. परसात शेवगा, कढीलिंब, लिंबू, एखादा पेरू आणि अंगणात तुळस ही मांडणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. फुलझाडांचा विचार करताना मात्र आपली दृष्टी जास्वंद, मोगरा, झेंडू यांच्या पलीकडे सहसा जात नाही. वर्षभर हिरवी छाया देणारे, घराची शोभा वाढविणारे आणि फुलांनी लहडणारे लहान वृक्षही परसात लावता येतात, ही गोष्ट बहुधा दुर्लक्षितच राहते. अशा सदाहरित फुलवृक्षांत अग्रस्थान द्यावे असा आपल्याच देशातील वृक्ष म्हणजे अशोक होय. त्याची लागवड कशी करावी आणि ती प्रत्येक गावात होणे आज अगत्याचे का झाले आहे, याची माहिती या लेखात देण्याचे योजिले आहे.

नाव एक, वृक्ष दोन

अशोक म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शाळेच्या किंवा कचेरीच्या आवारात ओळीने उभे असलेले, सरळ, निमुळते व हिरवेगार झाड येते. त्या झाडाला लोक अशोक म्हणतात खरे. परंतु शास्त्रदृष्ट्या त्याचा अशोकाशी काडीचाही संबंध नाही. ते झाड सीताफळाच्या कुळातील असून त्याला खोटा अशोक, हिरवा अशोक किंवा आसुपालव असे म्हणतात. त्याची फुले फिकट हिरवी व पानाआड लपणारी असल्यामुळे ती आली केव्हा व गळाली केव्हा, हे घरच्या माणसांच्याही ध्यानात येत नाही. वाऱ्याला व धुळीला आडोसा म्हणून ते उपयुक्त आहे; तेव्हा ते तोडून टाकावे असे मुळीच नाही. मात्र त्याला अशोक समजून खऱ्या अशोकाची जागा त्याला देऊ नये.

खरा अशोक हा शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुळातील आहे. लोक त्याला सीता अशोक म्हणतात व शास्त्रीय नाव सराका असोका असे आहे. रामायणातील अशोकवनामुळे सीतेचे नाव त्याला जोडले गेले. चैत्र शुद्ध अष्टमीला अशोकाष्टमी म्हणतात व त्या दिवशी अशोकाच्या आठ कळ्या पाण्याबरोबर घेण्याचा विधी सांगितलेला आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात तर सुंदर स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाल्यावर अशोक फुलतो, या संकेतावर कथानकाचा एक भाग बेतलेला आहे. वाङ्मयात व व्रतात ज्याला एवढा मान, त्या वृक्षाला प्रत्यक्ष पाहिलेली माणसे मात्र आज गावोगाव थोडीच सापडतील.

दोहोंतील भेद ओळखण्यास पुस्तकाची गरज नाही. पुढील चार खुणा पाहाव्यात.

पहिली खूण पानाची. खोट्या अशोकाचे पान साधे, एकेकटे, लांबट आणि कडेला नागमोडी असते. खऱ्या अशोकाचे पान संयुक्त असते. म्हणजे एकाच देठावर समोरासमोर पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या असतात.

दुसरी खूण कोवळ्या पालवीची. खऱ्या अशोकाची नवी पाने तांबूस तपकिरी, अगदी मऊ व फांदीच्या टोकाला झुबक्यासारखी खाली लोंबत असतात. पुढे ती हळूहळू ताठ होऊन गडद हिरवी होतात.

तिसरी खूण फुलांची. खऱ्या अशोकाला फुलांचे भरगच्च गुच्छ येतात. फूल उमलते तेव्हा पिवळट असते, मग नारिंगी होते व शेवटी तांबडे होते. त्यामुळे एकाच गुच्छात तिन्ही रंग दिसतात. आपण ज्यांना पाकळ्या समजतो त्या वस्तुतः पाकळ्या नसून रंगीत निदलपुंजाचे चार भाग होत. या फुलाला पाकळ्या नसतातच. त्यातून लांब पुंकेसर बाहेर डोकावत असतात.

चौथी खूण फळाची. खऱ्या अशोकाला चपट्या, रुंद, वीतभर लांबीच्या शेंगा लागतात. खोट्या अशोकाला लहान, लंबगोल फळांचे घोस लागतात.

पैकी पान व पालवी या दोन खुणा बारा महिने उपयोगी पडतात, म्हणून त्या आधी लक्षात ठेवाव्यात.

ही लागवड का करावी

अशोकाची साल आयुर्वेदात प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे. चरकसंहितेत वेदना शमविणाऱ्या द्रव्यांच्या गणात अशोकाचा उल्लेख आहे, आणि स्त्रियांच्या अतिरक्तस्रावादी विकारांवर दिले जाणारे अशोकारिष्ट हे औषध या सालीपासूनच तयार होते. देशभर या औषधाला सतत मागणी आहे. ती भागविण्यासाठी साल मुख्यतः जंगलातील झाडांवरून काढली जाते, आणि तेथेच खरे नुकसान होते.

झाडाच्या सालीचा आतला थर पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेत असतो. साल काढणाऱ्याने घाईने खोडाभोवती पूर्ण वलय सोलले, की हा मार्ग तुटतो. वरचा पाला काही काळ हिरवा दिसतो, परंतु मुळे उपाशी राहतात व पुढे सारे झाड वाळते. साल मिळते ती एकदाच. झाड जाते ते कायमचे, आणि त्याबरोबर त्याचे बीही जाते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने १९९८ मध्ये या जातीची नोंद असुरक्षित वनस्पतींत केली. भारत सरकारने २००० साली स्थापन केलेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळानेही अशोकाला प्राधान्याच्या वनस्पतींत स्थान दिले आहे.

पुरवठा तुटपुंजा पडला की भेसळ येते. खोट्या अशोकाची साल खऱ्याच्या नावाने विकली जाते, आणि नावातील गोंधळामुळे गिऱ्हाईकाला ते कळत नाही. औषध घेणारी माउली पैसे मोजते ते अशोकाचे, आणि तिच्या पोटात जाते ते भलतेच काही. सारांश, खरा अशोक ओळखणे व वाढविणे ही केवळ हौसेची गोष्ट उरलेली नाही.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. परसातील झाडाची साल काढून घरच्या घरी औषध करू नये. रोगाचे निदान व औषधाचे प्रमाण हे वैद्याचे काम आहे. परसातला अशोक आपण छायेसाठी, फुलांसाठी आणि मुख्यतः बियांसाठी लावावयाचा आहे.

हवामान व जमीन

अशोक मूळचा ओलसर प्रदेशातला. सह्याद्रीच्या सदाहरित व निमसदाहरित जंगलांत ओढ्यांच्या काठी, मोठ्या झाडांच्या अर्धवट सावलीत तो वाढतो. त्याच्या गरजा यावरूनच ध्यानात येतात. मुळाशी ओल हवी, पण पाणी साचता कामा नये. माथ्यावर उजेड हवा, पण लहानपणी रखरखीत ऊन नको.

कोकणपट्टी व घाटमाथ्याच्या पायथ्याशी असलेली गावे या झाडाला सर्वांत अनुकूल होत. जांभ्याच्या जमिनीत पालापाचोळा व शेणखत भरपूर मिसळल्यास झाड चांगले वाढते. देशावर, खानदेशात, मराठवाड्यात व विदर्भात विहिरीजवळ, बागायतीच्या बांधाला किंवा घराच्या पूर्वेस, जेथे दुपारनंतर सावली पडते अशा ठिकाणी, ते लावता येईल. भारी काळ्या जमिनीत खड्ड्यात वाळू व बारीक मुरूम मिसळून झाड थोड्या उंचवट्यावर लावावे. चोपण व खारवट जमीन त्यास मानवत नाही. उन्हाळ्यात जेथे माणसांनाच पाण्यासाठी वणवण करावी लागते, तेथे अशोकाचा आग्रह धरू नये. तेथे निंब, करंज यांसारखी काटक झाडे लावणे शहाणपणाचे, आणि फुलांची हौस असल्यास बकुळीची निवड करावी. तीही सदाहरित असून अशोकापेक्षा कमी पाण्यावर तग धरते.

बी : या लागवडीचे मर्म

अशोकाची लागवड फसते ती बहुधा बियांपाशी, म्हणून या भागाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे.

ज्वारी, तूर, हरभरा यांचे बी आपण कडक उन्हात वाळवितो व कणगीत वर्षभर ठेवितो. बी जितके कोरडे तितके टिकाऊ, हा शेतकऱ्याचा अनुभव आहे व तो त्या पिकांपुरता अगदी बरोबर आहे. अशोकाच्या बियांना मात्र हाच नियम लावला तर घात होतो. आंब्याची कोय किंवा फणसाची आठळी जशी वाळली की मरते, तसेच अशोकाचे बी वाळले की त्यातील अंकुर मरतो. ते साठविता येत नाही, टपालाने दूर धाडता येत नाही आणि पुढल्या हंगामासाठी राखून ठेविता येत नाही. जे करावयाचे ते झाडाखालून बी उचलल्यापासून थोड्या दिवसांतच करावे लागते.

म्हणूनच बियांचे झाड जवळपास असणे अगत्याचे आहे. जंगलातील शेवटचे झाड सोलले गेले की त्या पंचक्रोशीत पुन्हा अशोक उभा करणे फार अवघड होते, कारण पेढीत ठेवलेले बी काढून पेरावे अशी सोय या झाडाला नाही. गावातील एका परसात वाढलेला एकच चांगला अशोक मात्र दर वर्षी साऱ्या गावाला बी पुरवू शकतो.

अशोक मुख्यतः माघापासून चैत्रापर्यंत फुलतो व त्याच्या शेंगा वैशाख-ज्येष्ठाच्या सुमारास पिकू लागतात. हिरव्या शेंगा तोडू नयेत. शेंग काळपट तपकिरी होऊन तडकू लागली किंवा आपोआप खाली पडली, की बी गोळा करावे. उंदीर व खारी यांचा त्यावर डोळा असतो, म्हणून हंगामात रोज सकाळी झाडाखाली फेरी मारावी. किडलेले, भोक पडलेले व सुरकुतलेले बी बाजूस काढावे. चांगले बी चपटे, मोठे व हाताला जड लागते. घरी आणताना ते ओल्या गोणपाटात गुंडाळावे. उन्हात मुळीच ठेवू नये.

रोपे तयार करणे

बी रात्रभर, म्हणजे सुमारे १२ तास, साध्या पाण्यात भिजवावे. माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात मिसळून त्या मिश्रणाने पिशव्या भराव्यात. पिशवी निदान वीतभर खोल असावी व तिला तळाशी भोके असावीत. प्रत्येक पिशवीत एक बी आडवे ठेवून त्यावर बोटाच्या एका पेराएवढाच मातीचा थर द्यावा. गादीवाफ्यावर पेरूनही रोपे होतात, परंतु तेथून उपटताना सोटमूळ दुखावते. थोड्या रोपांसाठी पिशवीच बरी.

पिशव्या झाडाच्या किंवा मांडवाच्या सावलीत ठेवाव्यात. झारीने दररोज बेताचे पाणी द्यावे. सुमारे तीन आठवड्यांनी अंकुर वर येऊ लागतात. काही बी त्याहून अधिक वेळ घेते, म्हणून उशिरा उगवणाऱ्या पिशव्या घाईने रिकाम्या करू नयेत. पावसाळ्यात पिशव्यांत पाणी तुंबत नाही ना, हे पाहावे. मुळे पिशवीतून जमिनीत शिरू नयेत म्हणून महिन्यातून एकदा पिशव्या उचलून जागा बदलावी. अशा रीतीने वर्षभर वाढविलेले रोप पुढच्या पावसाळ्यात लावण्याजोगे होते.

लागवड

वैशाखात २ फूट लांब, २ फूट रुंद व २ फूट खोल खड्डा घ्यावा. तो महिनाभर उन्हात तापू द्यावा. वरच्या थराची चांगली माती व दोन ते तीन घमेली कुजलेले शेणखत एकत्र करून खड्डा भरावा व जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवावा, कारण माती पुढे दबते. घराच्या भिंतीपासून निदान १२ फूट अंतर राखावे. एकापेक्षा अधिक झाडे लावावयाची असल्यास दोन झाडांत १० ते १२ फूट अंतर पुरते.

मृगाचा पाऊस होऊन जमीन चांगली भिजली, की ढगाळ दिवशी सायंकाळी रोप लावावे. पिशवी कापून काढावी; मातीचा गोळा फुटू देऊ नये. रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच जमिनीत ठेवावे. माती पायाने हलके दाबून शेजारी आधाराची काठी रोवावी व सैल दोरीने रोप तिला बांधावे. शेळ्या व गुरे कोवळा पाला सोडीत नाहीत, म्हणून लागवडीच्या दिवशीच काटेरी कुंपण करावे. उद्या करू म्हणून ठेवलेले कुंपण बहुधा रोप खाल्ले गेल्यावरच होते.

पहिली तीन वर्षे

पहिल्या तीन वर्षांतील उन्हाळे हीच या झाडाची कसोटी आहे. पाऊस संपताच आळे करून त्यात पालापाचोळ्याचा चार बोटे जाड थर पसरावा, पण तो बुंध्याला चिकटू देऊ नये. तसे झाल्यास वाळवी व बुरशी लागते. पहिल्या उन्हाळ्यात दर तीन-चार दिवसांनी एक बादली पाणी द्यावे. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी आठवड्यास दोन बादल्या पुरतात. न्हाणीचे पाणी वळवावयाचे असल्यास साबण-सोडा मिसळलेले पाणी वेगळे काढावे. माघापासून मृगापर्यंत पश्चिमेच्या बाजूस गोणपाटाचा किंवा झापाचा आडोसा करावा. शेजारी केळीची दोन खुंटे लावल्यास सावलीही होते व घरात केळीही येतात.

नव्या पालवीसंबंधी एक गैरसमज हटकून होतो. फांदीच्या टोकाची तांबूस पाने लुळी पडून लोंबताना पाहून रोप सुकू लागले असे वाटते, आणि घरातील प्रत्येक जण त्याच्यावर पाणी ओततो. त्या पाण्याने मुळे कुजतात व मग रोप खरोखरच मरते. लोंबणारी तांबूस पालवी हे वाढीचे लक्षण आहे. पाण्याची गरज ठरविताना पालवीकडे न पाहता आळ्यातील माती बोटभर उकरून पाहावी. आत ओल असेल तर पाणी देऊ नये.

दर वर्षी पावसाच्या आरंभी १० किलो कुजलेले शेणखत बुंध्यापासून हातभर अंतरावर गोल पसरून मातीत मिसळावे. पाने खाणाऱ्या अळ्या दिसल्यास हाताने वेचाव्यात. प्रादुर्भाव वाढल्यास निंबोळीचा पाच टक्के अर्क फवारावा. छाटणी फारशी लागत नाही. वाळलेल्या, मोडलेल्या व जमिनीला टेकणाऱ्या फांद्या तेवढ्या काढाव्यात. अशोकाचे गुच्छ पुष्कळदा जून फांद्यांवर व खोडावरच येतात, म्हणून झाडाला आकार देण्याच्या हौसेने जुन्या फांद्या छाटल्यास फुलेच गमवावी लागतात.

बियांपासून वाढविलेल्या झाडास फुले येण्यास साधारणतः सहा ते आठ वर्षे लागतात असे धरून चालावे. जमीन व पाणी यांप्रमाणे हा काळ कमी-अधिक होतो. वाट पाहावी लागते खरी. परंतु पुढे २० ते ३० फूट उंचीचे, दाट डोक्याचे हे झाड बारा महिने सावली देते. ऐन उन्हाळ्याच्या तोंडी, पुष्कळ झाडे उघडी पडलेली असताना, ते फुललेले असते, आणि त्यावर मधमाश्यांचा व फुलपाखरांचा राबता सुरू होतो. लाकडाच्या उत्पन्नाची अपेक्षा मात्र या झाडाकडून ठेवू नये.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी

हे काम एकट्यादुकट्या शेतकऱ्यावर सोडून भागणार नाही. कार्यकर्त्यांनी वर्षभराची आखणी पुढीलप्रमाणे करावी.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात अशोक फुललेला असल्यामुळे दुरूनही ओळखू येतो. या दिवसांत गावातील व आसपासची देवळे, जुने वाडे, बागा व ओढेकाठ फिरून खऱ्या अशोकाची झाडे शोधावीत. प्रत्येक झाडाची जागा व मालक यांची नोंद करावी. जैवविविधता अधिनियम, २००२ प्रमाणे गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत ही झाडे चढवावीत. नोंद झालेल्या झाडाकडे साऱ्या गावाचे लक्ष राहते.

मे व जून महिन्यांत मालकाच्या संमतीने बी गोळा करावे. झाड वनहद्दीत असल्यास वन विभागाची परवानगी आधी घ्यावी. सारे बी उचलू नये; काही झाडाखालीच राहू द्यावे. गोळा केलेले बी आठवड्याच्या आत पेरले जाईल अशी व्यवस्था आगाऊ करावी, म्हणजे पिशव्या व मिश्रण आधीच तयार ठेवावे. शाळेतील मुलांकडून हे काम उत्तम होते व मुलांना दोन्ही अशोकांतील भेदही कायमचा कळतो.

पुढील वर्षी जुलैत वनमहोत्सवाच्या वेळी ही रोपे वाटावीत. १९५० साली हा महोत्सव सुरू झाल्यापासून रोपे लावण्यात आपण कधी मागे राहिलेलो नाही. ती जगविण्यात मात्र कमी पडतो. सबब ज्याच्या घरी उन्हाळ्यात पाणी आहे व कुंपण तयार आहे, त्यालाच रोप द्यावे. शंभर घरांत वाटून दहा जगण्यापेक्षा वीस घरांत देऊन पंधरा जगलेली बरी. रोपवाटिकेतून रोपे आणावयाची असल्यास संयुक्त पानाची खूण पाहूनच घ्यावीत. अशोकाचे रोप मागितले असता खोटा अशोक हाती पडण्याचा संभव असतो.

साल विकत घेण्यासाठी कोणी गावात आल्यास खोडाभोवती वलय सोलू देऊ नये, हे शेतकऱ्यांना आवर्जून सांगावे. सालीच्या उत्पन्नासाठी ज्यांना लागवड करावयाची असेल त्यांनी ती परसात न करता स्वतंत्र क्षेत्रावर करावी व साल काढण्याची पद्धत जाणकारांकडून शिकून घ्यावी. साल जून झाडावरूनच, उभ्या पट्ट्यांनी व थोडी थोडी काढावयाची असते. एका बाजूची जखम पूर्ण भरून आल्यावाचून दुसऱ्या बाजूस हात लावावयाचा नसतो. गावातील बियांच्या झाडांना मात्र या व्यवहारापासून सर्वस्वी दूर ठेवावे.

प्रत्येक गावात देवळाजवळ, शाळेत, आरोग्य केंद्राच्या आवारात व पाच-दहा परसांत मिळून खऱ्या अशोकाची डझनभर झाडे उभी राहणे मुळीच अशक्य नाही. त्याला मोठा खर्च लागत नाही. योग्य वेळी उचललेले ताजे बी, तीन उन्हाळ्यांचे पाणी आणि एक कुंपण एवढेच लागते. शेतकरी बंधु-भगिनींनी येत्या फुलोऱ्यात आपल्या पंचक्रोशीतील खरा अशोक शोधून ठेवावा, वैशाखात खड्डा खणून ठेवावा आणि शेंगा तडकू लागताच कामास लागावे, अशी त्यांना आग्रहाची विनंती आहे.